कान टोचण्याची संमती

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीने नाक टोचून घेण्यासाठी, किंवा मुलाने कानाच्या वरच्या कडेस बाळी घालण्यासाठी आईबापांची अनुज्ञा मागावी, हा प्रसंग परप्रांतात बदल्यांवर फिरणाऱ्या आपल्या कुटुंबांत आता अपूर्व राहिलेला नाही. वडीलधारी मंडळी त्यास नव्या पिढीचे खूळ म्हणतात. वास्तविक टोचणे आपल्याकडे फार जुने. विचारणे मात्र नवे.

जुन्या गृह्यसूत्रांत कर्णवेध हा संस्कार म्हणून आढळत नाही. सोळा संस्कारांच्या यादीत तो मागाहून शिरला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात मात्र त्याचा तपशील बारकाईने येतो. सहाव्या वा सातव्या महिन्यात, शुक्लपक्षी, मुलास धात्रीच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे. वैद्याने डाव्या हाताने पाळी ओढावी, सूर्यप्रकाश जेथून आरपार दिसेल तेथे उजव्या हाताने सरळ विंधावे. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. मग तेलाची कापूसवात घालावी. हेतू दोन, रक्षण आणि भूषण. भलत्या शिरेस सुई लागल्यास ज्वर, सूज व वेदना होतात, असेही बजावले आहे. फाटलेली पाळी जोडण्याचे १५ प्रकार याच अध्यायात आहेत, यावरून अनुभव किती कडू असावा याची कल्पना यावी. परंतु ज्याचा कान, त्यास कोणी विचारीत नाही. त्यास खेळणे दाखवून भुलवितात. आपल्याकडेही बारशाच्या सुमारास सोनार सोन्याच्या तारेने कान टोचीत असे. ‘सोनारानेच कान टोचावेत’ या म्हणीत अधिकाराचा विचार आहे खरा, पण तो सोनाराच्या अधिकाराचा.

नाकाची कथा निराळी. अजिंठ्याच्या चित्रांत अलंकारांची एवढी रेलचेल, पण नाकात दागिना नाही. नथ प्राचीन नव्हे, हे भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे यांनी १९३८ साली साधार दाखविले. त्याच वर्षी काशी हिंदु विश्वविद्यालयात अध्यापन करणारे अनंत सदाशिव अळतेकर यांनी हिंदु संस्कृतीतील स्त्रीविषयक आपल्या ग्रंथात हेच मत मांडले. काशीत बसून सौभाग्यलेण्याची वंशावळ तपासणारा हा मराठी पंडित आपणांस विशेष जवळचा वाटावा! आजी जी नथ सनातन म्हणून नातीपुढे ठेवते, तीही एके काळी नवीच टूम होती. ती प्रथम घालणाऱ्या मुलीच्या घरी काय बोलणे झाले, याची नोंद कोठेही नाही.

मुलगेही यातून सुटले नाहीत. ज्या घरी मुले जगत नसत, तेथे पुढे झालेल्या मुलाचे नाक टोचून त्यास मुलीसारखे वाढवीत, म्हणजे काळाची दृष्टी चुकावी. नथू हे नाव त्यातलेच. येथे संमती दिली ती आईबापांच्या भयाने.

कायद्यानेही पालकांचा हा अधिकार गृहीत धरला आहे. १८६० च्या दंडसंहितेतील व्यवस्था १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ ते २८ मध्ये बहुतांशी तशीच उतरली आहे. १२ वर्षांखालील मुलाच्या हितासाठी पालकाने सद्भावनेने केलेले वा करविलेले कृत्य अपराध ठरत नाही. त्या वयाच्या मुलाची संमती सामान्यतः संमती मानली जात नाही. आणि हिताचा प्रश्न नसता इजेस संमती द्यावयाची तर वय १८ हून अधिक हवे. मधली वर्षे मोठी अडचणीची. पालकाचा तो विशेष अधिकार बाराव्या वर्षी सरला, मुलाचा स्वतःचा अठराव्यानंतर यावयाचा. हितासाठी दिलेल्या संमतीस अठराची अट नाही हे खरे. पण भुवईतील कडी हिताची म्हणावी काय? प्रस्तुत लेखकास तसे म्हणवत नाही.

म्हणूनच टोचून देणारे पुष्कळ दुकानदार पालकाची लेखी संमती मागतात. पाळण्यात कान टोचले तेव्हा ज्या मुलीस कोणी विचारले नाही, ती आज आपणहून विचारीत आहे; तिला नुसत्या ‘नाही’वर वाटेस लावणे मला प्रशस्त वाटत नाही. तिच्याशी बोलताना सांगावयाचे ते हे, की पाळीची जखम काही आठवड्यांत भरते, वरच्या कूर्चेस कित्येक महिने लागतात, आणि कूर्चा पिकली तर कानाचा आकार कायमचा बिघडू शकतो.