श्रम केल्यावर छातीत येणारी कळ ग्यास समजून सोडू नका. हृदयाच्या नसा अरुंद झाल्या की काय होतं?

बोरी अरब (ता. दारव्हा) : फवाऱ्याचे दोन पंप मारले की छाती जड पडते, डाव्या हाताला ओढ लागते आणि धुऱ्यावर पाच मिनिटं बसलं की सगळं ठीक. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. घरचे म्हणतात, ग्यास झाली असेल, सोडा पी. कधी ती खरंच ग्यास असते. पण काम केलं की येणारं आणि थांबलं की जाणारं दुखणं बहुतेक वेळा पोटाचं नसतं. त्याला डॉक्टर अंजायना म्हणतात. विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरने १७७२ मध्ये त्याचं वर्णन छापलं, त्यातही हीच खूण आहे: चालताना, त्यातही चढावर किंवा जेवण झाल्या झाल्या चालताना दुखतं, उभं राहिलं की थांबतं. पित्ताची जळजळ आडवं पडल्यावर किंवा वाकल्यावर वाढते, तिचा श्रमाशी फारसा संबंध नसतो.

हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा धडकतं आणि मिनिटाला ५ लिटरच्या आसपास रक्त ढकलतं. पण आत भरलेलं हे रक्त त्याच्या स्वतःच्या स्नायूला वापरता येत नाही. त्यासाठी बाहेरून कोरोनरी रोहिण्या असतात, ज्यांना आपल्याकडे हृदयाच्या नसा म्हणतात. त्यांची जाडी जेमतेम ३ ते ४ मिलिमीटर, पेनाच्या रिफिलएवढी.

ठिबकच्या नळीत क्षार बसतो तशी नसेत चरबी बसते, असं नेहमी सांगितलं जातं. हे अर्धंच बरोबर आहे. चरबी नळीच्या पोकळीत नाही, तिच्या भिंतीच्या आत साठते, आणि तिच्यावर पातळ पापुद्रा असतो, पिकलेल्या गळवासारखा. हे साठणं तरुणपणीच सुरू होतं आणि वीस-तीस वर्षं चालतं, पत्ताही लागत नाही. नस ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की बसलेल्या माणसाला रक्त पुरतं, डवरणी करणाऱ्याला पुरत नाही. स्नायूला प्राणवायू कमी पडतो आणि छाती आवळल्यासारखी होते.

झटका वेगळा. त्यात तो पापुद्रा फाटतो. शरीराला वाटतं जखम झाली, म्हणून तिथे रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत नस बंद पडू शकते. फाटणारी जागा सगळ्यात अरुंद असेलच असं नाही, निम्मीच भरलेली नसही फाटते. त्यामुळे कालपर्यंत धडधाकट असलेला माणूस आज कोसळतो. मराठी अभिनेते श्रेयस तळपदे यांना १४ डिसेंबर २०२३ रोजी मुंबईत चित्रीकरण आटोपल्यावर झटका आला, तेव्हा ते ४७ वर्षांचे होते. वेळेत अँजिओप्लास्टी झाली आणि ते वाचले. हृदय शस्त्रक्रियेत देशभर नाव असलेले डॉ. नितू मांडके मात्र २२ मे २००३ रोजी ५५ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले. या दुखण्याची माहिती असणं आणि त्यापासून सुरक्षित असणं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नस बंद झाल्यावर साधारण अर्ध्या तासात स्नायू मरायला लागतो. पहिल्या काही तासांत बहुतेक नुकसान होऊन जातं आणि मेलेला स्नायू परत येत नाही. आराम करूनही १५-२० मिनिटांत न थांबणारं दुखणं, दरदरून घाम, जबडा, खांदा किंवा पाठीत कळ, मळमळ, धाप, ही झटक्याची लक्षणं. शुगरच्या रुग्णांत, म्हाताऱ्या माणसांत आणि बायकांमध्ये छाती न दुखताही झटका येतो; नुसती धाप किंवा अचानक आलेला गळाठा एवढंच दिसतं. घरातली बाई "थकवा आला" म्हणून पडून राहते, आणि तिच्याकडे बघायला सगळ्यात उशीर होतो.

अशा वेळी १०८ ला फोन करावा. रुग्णाला मोटरसायकलवर मधे बसवून नेणं धोक्याचं आहे, वाटेत हृदय थांबलं तर काहीच करता येत नाही. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर १०८ च्या किंवा दवाखान्याच्या डॉक्टरला विचारून ३०० मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चावून खायला देतात. जिभेखालची सॉर्बिट्रेट शेजाऱ्याची मागून देऊ नये, बीपी खाली असेल तर ती अंगावर येते. रुग्ण बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहावं.

दवाखान्यात पहिला ईसीजी लगेच काढला पाहिजे. तो चांगला आला म्हणून घरी जाऊ नये. दुखणं चालू असेल तर पुन्हा काढतात आणि रक्ताची ट्रोपोनिन तपासणी करतात. ईसीजीत नस पूर्ण बंद दिसली तर दोन वाटा: अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. नागपूर यवतमाळपासूनच दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. म्हणून आपल्या भागात इंजेक्शनचं महत्त्व मोठं. ते जवळच्या रुग्णालयात घेऊन मग पुढे जाणं हे मोठ्या शहराची वाट धरून तीन तास घालवण्यापेक्षा बरं. निघण्याआधी डॉक्टरला हे विचारायला लाजू नये.

नसा खराब करणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: तंबाखू, बीपी, शुगर, वाढलेलं कोलेस्टेरॉल, घरात कमी वयात आलेला झटका. यात खर्र्याचं वेगळं सांगावं लागतं. बिडी सोडली, आता फक्त खर्रा, असं अभिमानाने सांगणारे चौकाचौकात भेटतात. धूर नसला तरी तंबाखूतलं निकोटीन तेच असतं, ते हृदयाची गती आणि बीपी चढवतं.

आता पैशाचं. श्रम केल्यावरच दुखणाऱ्या प्रत्येकाला स्टेंट लागत नाही. बरेच जण गोळ्यांवर चांगले राहतात. मुख्य डावी नस अरुंद असेल किंवा गोळ्या घेऊनही दुखत असेल तर गोष्ट वेगळी. केंद्राने फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत करांशिवाय २९,६०० रुपये ठरली होती. नंतर तीत वाढ झाली. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास दोन्ही बसतात. यवतमाळ शेतकरी आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत येत असल्याने इथल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही सातबाऱ्यावर या योजनेत आधीपासून जागा होती. रेशन कार्ड आणि आधार एका पिशवीत ठेवलेलं बरं. वावर गहाण टाकण्याआधी रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठावं.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. पेरणीच्या तोंडी हात तंग असतो, बरं वाटत असतं, म्हणून गोळ्या बंद केल्या जातात. मग त्याच स्टेंटमध्ये गुठळी धरते, आणि तो झटका पहिल्यापेक्षाही जड जाऊ शकतो.