'त्राटिके'चे हसू आणि बेलाचे भय

पॅट्रिक हॅमिल्टनचे 'गॅस लाइट' १९३८ साली इंग्लंडमध्ये रंगमंचावर आले. त्यात जुना खून आहे, दडवलेली माणके आहेत. पण खरा थरार वेगळ्याच ठिकाणी आहे. मॅनिंगहॅम घरातल्या वस्तू स्वतः लपवतो आणि हरवल्याचा दोष बायकोवर टाकतो. रात्री तो चोरून वरच्या मजल्यावर दिवा लावतो, तेव्हा खालच्या खोलीतली ज्योत मंदावते. बेलाला ते दिसते. दिसले ते खरे, असे म्हणण्याचे बळ मात्र तिच्यात उरलेले नसते.

या नाटकाचे मराठी भावंड आपण साहजिकच रहस्यनाटकांत शोधू. मला ते एका प्रहसनवजा नाटकात, 'त्राटिके'त दिसते. फर्ग्युसनमधील इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या 'टेमिंग ऑफ द श्रू'चे केलेले हे रूपांतर शाहूनगरवासी नाटक मंडळीने १८९०च्या दशकात गाजवले. गणपतराव जोशी प्रतापराव होत, बळवंतराव जोग त्राटिका.

मूळ नाटकात पेत्रुचियो बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि हे सारे तिच्या काळजीपोटी चालल्याचे भासवतो. अन्न करपले आहे, तिला बाधेल! पुढे भर दिवसा तो सूर्याला चंद्र म्हणायला लावतो. तिने मान्य केले की लगेच तो सूर्यच ठरतो. नागपूरच्या वर्गात हा प्रवेश शिकवताना आजही हशा पिकतो. कॅथरिनाला सूर्य सूर्यच दिसत असतो, हे खरे. तिच्याकडून फक्त कबुली हवी असते, तर बेलाची नजरच हिरावली जाते. परंतु हसू आणि भय यांतले अंतर एवढ्याने पडत नाही. पेत्रुचियो आपला बेत स्वगतातून प्रेक्षकांनाच सांगतो आणि त्यांना भागीदार करून घेतो. हॅमिल्टनचा रफ हा निवृत्त पोलीस अधिकारी नवऱ्याचे कारस्थान बेलासमोर उलगडतो. नाटककार कुणाला विश्वासात घेतो, यावर सारे अवलंबून आहे.

'त्राटिके'च्या प्रेक्षकांचा काळही ध्यानात घ्यावा लागतो. १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने रखमाबाईंना नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असे फर्मावले होते. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यावरून महाराष्ट्र दुभंगला होता. हसणाऱ्यांपैकी पुष्कळांनी ही दोन्ही प्रकरणे वर्तमानपत्रांतून वाचलेली असणार. आणि समोर जिला वठणीवर आणले जात होते, ती बायको म्हणजे लुगडे नेसलेले बळवंतराव होते.