जुनी फाइल नसेल तर...

जानेवारी २०१० मध्ये कॅनडाच्या बायोवेअर कंपनीचा ‘मास इफेक्ट २’ हा अंतराळकथेचा व्हिडिओ गेम आला. २००७ च्या पहिल्या भागात खेळाडूने घेतलेले निर्णय जुन्या फाइलमधून इथे येतात. तिथे रेक्स हा साथीदार वाचला असेल, तर इथे तो आपल्या टोळीचा सरदार म्हणून भेटतो. शेवटच्या मोहिमेत ज्यांचा विश्वास कमावला नाही, ते साथीदार मरू शकतात, नायक शेपर्डसुद्धा.

पण जुनी फाइलच नसेल तर? गेम अडत नाही. तो स्वतःचा तयार इतिहास लावतो, आणि त्यात रेक्स मेलेला असतो.

म्हणून वर्गात मुलांना सांगतो, घरातले जुने कागद जपा, दादी-नानीच्या आठवणी लिहून ठेवा. आपली जागा रिकामी राहत नाही. दुसरं कुणीतरी ती भरतं.