सिंगल साइन-ऑन
कर्मचाऱ्याने एकदाच ओळख पटवून कंपनीच्या सर्व संगणकप्रणालींत वावरावे, यासाठीची व्यवस्था. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अथेना प्रकल्पात १९८० च्या दशकात घडलेली कर्बेरोस ही तिच्या आद्य रूपांपैकी एक. वेबसाठी पुढे सॅमल २.० (२००५) आणि ओपनआयडी कनेक्ट (२०१४) ही मानके आली. तरी घोडे अडते ते जुन्या प्रणालींपाशी : पगारपत्रकाच्या जुनाट सॉफ्टवेअरला यांतले एकही मानक कळत नाही. शिवाय एकच व्यक्ती कुठे ईमेलने, कुठे कर्मचारी क्रमांकाने नोंदलेली असते. लग्नानंतर आडनाव आणि त्यासोबत ईमेल बदलला, की जुळणी तुटते. या नोंदी जुळवत राहण्याचे काम तांत्रिक कमी, कारकुनी जास्त. अंदाजपत्रकात मात्र त्याला क्वचितच जागा मिळते. अडचण घड्याळांचीही : कर्बेरोसमध्ये दोन यंत्रांच्या घड्याळांत साधारणतः ५ मिनिटांहून अधिक तफावत पडली, तरी प्रवेश नाकारला जातो. बाहेर पडणे आत येण्याहून अवघड. एकीकडे लॉगआउट केले, तरी दुसरीकडचे सत्र चालू राहू शकते; नोकरी सोडलेल्याचे मुख्य खाते बंद केल्यावरही एखाद्या ॲपमधले स्थानिक खाते मागे उरते. ओळख तपासणारा सर्व्हरच कोसळला, तर सगळ्यांचेच काम खोळंबते. म्हणून प्रशासकाचे एक आपत्कालीन खाते या व्यवस्थेबाहेर ठेवतात.