तळटीप : स्पायरोमेट्री

१. स्पायरोमेट्री : फुप्फुसांची क्षमता मोजण्याची तपासणी. इंग्लंडमधील डॉ. जॉन हचिन्सन यांनी पाण्यात उपड्या ठेवलेल्या पात्राच्या यंत्राने दोन हजारांहून अधिक माणसांचा श्वास मोजून १८४६ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज नाकाला चिमटा लावून, छाती भरून घेतलेला श्वास नळीत एका दमात, जोराने, संपेपर्यंत सोडायला सांगतात. बाहेर पडलेली एकूण हवा आणि त्यातली पहिल्या सेकंदातली हवा, हे दोन आकडे महत्त्वाचे. निरोगी तरुण माणूस पहिल्या सेकंदातच पाऊण हिस्सा किंवा त्याहून जास्त हवा सोडतो. दमा वा सीओपीडीत श्वासनलिका अरुंद झाल्याने हे प्रमाण घटते. नलिका रुंदावणारे औषध ओढायला देऊन पुन्हा मोजले, की दम्यात आकडा बहुधा चांगला सुधारतो. सीओपीडीत प्रमाण ७० टक्क्यांखालीच राहते. फायब्रोसिसमध्ये फुप्फुसे आखडतात आणि दोन्ही आकडे घटतात. त्यामुळे प्रमाण टिकते, कधी वाढतेही. तेव्हा नुसते प्रमाण पाहून अहवाल ‘नॉर्मल’ समजू नये. अपेक्षित आकडे वय, उंची व लिंगानुसार ठरतात. पूर्ण उच्छ्वासानंतरही फुप्फुसांत सुमारे लिटरभर हवा उरते. ती या तपासणीत मोजता येत नाही. — संपा.