खरेपणा आणि किंमत: कोळशाच्या छोट्या वाघिणींचा इतिहास

रेल्वेच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांत इंजिनाला जो मान मिळतो तो मालगाडीच्या वाघिणीला मिळत नाही. इंजिनाला नाव असते, कारखान्यात त्याचे आराखडे जपलेले असतात, आणि नावाजलेल्या इंजिनांपैकी काही आजही संग्रहालयात उभी आहेत. प्रतिकृती चुकली तर तिथे जाऊन चूक दाखवता येते. वाघीण मात्र लाखांनी बनली, राबली आणि भंगारात गेली. तिच्या प्रतिकृतीचा खरेपणा ठरवायचा तर पुरावाच आधी शोधून काढावा लागतो. म्हणूनच वाघिणींचा संग्रह हा या छंदातला अधिक कस लावणारा भाग आहे असे मी मानतो. ब्रिटनमधल्या खासगी मालकीच्या कोळसा-वाघिणींच्या प्रतिकृती बारकाईने पाहिल्या की दिसते, त्यांचा खरेपणा आणि त्यांची बाजारातली किंमत दोन वेगळ्या इतिहासांतून आली आहे. खरेपणा मूळ वाघिणीच्या इतिहासावर ठरतो, किंमत खेळण्याच्या इतिहासावर. या दोहोंची गल्लत केली की संग्राहकाचे पैसे तर जातातच, शिवाय तो चुकीचा इतिहास खरा मानून बसतो.

मूळ वाघिणींपासूनच सुरुवात करायला हवी. ब्रिटनमध्ये रेल्वेच्या आरंभीच्या काळात रूळ कंपनीचे आणि त्यावरून टोल भरून चालणारी गाडी गिऱ्हाइकाची, अशी कल्पना होती. पुढे ती मागे पडली, पण कोळशाच्या व्यापारात तिचा अवशेष शंभरहून अधिक वर्षे टिकला. खाणमालक, गॅसचे कारखाने, सहकारी संस्था आणि गावोगावचे कोळसा-व्यापारी स्वतःच्या वाघिणी विकत किंवा भाड्याने घेत. त्यात व्यवहार होता. रेल्वे कंपनी रिकामी वाघीण कधी देईल याची वाट पाहावी लागत नसे, आणि कोळसा खपेपर्यंत भरलेली वाघीण बाजूच्या रुळावर कोठारासारखी उभी ठेवता येई. फळ्यांवर मोठ्या अक्षरांत मालकाचे नाव आणि गाव रंगवलेले असे, म्हणजे जाहिरातही होई. कोपऱ्यात बारीक अक्षरांत, रिकामी झाल्यावर ती कोणत्या खाणीकडे परत धाडायची ते लिहिलेले असे. अशा वाघिणींची मोडतोड इतरांच्या गाड्यांना धोक्याची ठरू नये म्हणून रेल्वे क्लिअरिंग हाऊस या रेल्वे कंपन्यांच्या सामाईक संस्थेने बांधणीचे नियम घालून दिले. १८८७, १९०७ आणि १९२३ हे त्यातले महत्त्वाचे टप्पे. १९२३च्या नमुन्यातली १२ टनी लाकडी वाघीण १६ फूट ६ इंच लांब, ८ फूट रुंद, आणि तिच्या दोन धुऱ्यांमधले अंतर ९ फूट. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा अशा खासगी वाघिणींची संख्या पाच लाखांहून अधिक होती. सरकारने त्या ताब्यात घेऊन एकत्र चालवल्या. १९४८मध्ये रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, वाघिणींवर ‘पी’ अक्षराने सुरू होणारे क्रमांक चढले, मोडलेल्या फळ्यांच्या जागी कोऱ्या फळ्या बसल्या आणि नावे तुकड्यातुकड्यांनी पुसली गेली. पाठोपाठ १६ टनी पोलादी वाघिणींनी त्यांची जागा घेतली. जपून ठेवावे असे त्यात काही आहे, हे त्या वेळी फार थोड्यांच्या मनात आले.

खेळण्यांचा इतिहास याला समांतर चालला, पण त्याचा हेतू वेगळा होता. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कारखान्याने १९२०पासून मोठ्या मापाच्या, चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्या काढल्या. त्यांत बिस्किटे, केळी, चॉकलेट विकणाऱ्या कंपन्यांच्या नावांचे बंद डबे होते. त्यांतला कोलमन मोहरीचा पिवळा डबा १९२०च्या दशकाच्या पूर्वार्धात थोडाच काळ निघाला, आणि आज त्या मालिकेतल्या सर्वाधिक मागणीच्या डब्यांत तो गणला जातो. पण त्याची चौकट, चाके, आकार सगळे शेजारच्या डब्यांसारखेच. वेगळे होते ते रंग आणि अक्षरे. म्हणजे त्याला मिळणारी किंमत मोजमापाची नाही, तो थोडा निघाला आणि त्याहून थोडा उरला याची आहे. १९३८मध्ये आलेल्या हॉर्नबी डब्लोच्या छोट्या वाघिणींतही फळ्या आणि लोखंडी पट्ट्या पत्र्यावर छापलेल्या होत्या. प्लॅस्टिकच्या साच्यातून फळीन् फळी उठून दिसणाऱ्या वाघिणी त्याच कारखान्याने १९५८पासून काढल्या. खरेपणाच्या दृष्टीने ही झेप मोठी होती, पण जुना माल जमवणारे पत्र्याच्या वाघिणींनाही तितक्याच जिव्हाळ्याने शोधतात, आणि त्यात गैर काही नाही. तिथे पाहायचे असते ते मूळ खोके आहे का, रंग मागाहून दिलेला नाही ना, आणि जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग शाबूत आहेत का. त्या धातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर काही वर्षांनी तो आतून तडकतो, फुगतो, आणि चौकट हातातच भुगा होते. खेळण्याचे जतन हे खरे कौशल्य आहे. मात्र ते मूळ वाघिणीबद्दल काही सांगत नाही.

मूळ वाघिणीबद्दल सांगणारा सर्वांत मोठा पुरावा वाघिणी बनवणाऱ्यांनीच नकळत ठेवला. ग्लॉस्टर रेल्वे कॅरेज अँड वॅगन कंपनीसारखे कारखाने नवी वाघीण बाहेर पडताना तिचे छायाचित्र काढत. तो कागदोपत्री व्यवहाराचा भाग होता. पुढे याच छायाचित्रांतून कीथ माँटेग्यू यांनी ग्लॉस्टरच्या खासगी वाघिणींवर १९८१मध्ये पुस्तक काढले आणि प्रतिकृती बनवणाऱ्यांच्या हाती तपासणीचे साधन आले. छायाचित्रावरून फळ्या पाच की सात, दार बाजूला की टोकालाही, ब्रेक एका अंगाला की दोन्ही, हे ठरवता येते. रंग ठरवताना मात्र सावध राहावे लागते. जुन्या कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटा लाल रंगाला जवळजवळ दाद देत नसत, त्यामुळे लाल वाघीण काळी दिसते आणि निळी फिकी. नुसत्या छायाचित्रावर विसंबून काळ्या रंगवलेल्या कित्येक वाघिणी मुळात तांबूस असतील. तिथे कारखान्याची नोंदवही किंवा रंगाची पावती हाच आधार. आणखी एक अडचण अशी की छायाचित्र पहिल्या दिवसाचे असते. वीस वर्षे कोळसा वाहिलेली वाघीण तशी दिसत नाही. अशा पुराव्याला सामोरे गेल्यावर कळते की एकाच साच्यावर डझनभर मालकांची नावे छापण्याची कारखान्यांची पद्धत किती फसवी आहे. १९७०च्या दशकात मऊ पॅडने छापण्याच्या तंत्रामुळे अक्षरे अत्यंत सुबक उठू लागली, आणि त्या सुबकपणाने खालच्या चुका झाकल्या. पाच फळ्यांच्या वाघिणीचा मालक सात फळ्यांच्या साच्यावर आला. १:७६ प्रमाणात धुऱ्यांमधले अंतर ३६ मिलिमीटर हवे, तिथे ४० मिलिमीटरची तयार चौकट बसवली गेली. खऱ्या मापात हा फरक एक फुटाचा होतो. ज्याला वाघिणीची ठेवण माहीत आहे त्याच्या नजरेला ती लगेच ताणलेली वाटते.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. ब्रिटनमधली रूढ छोटी रेल्वे मुळातच चुकीची आहे, मग एखाद्या ब्रेकच्या दांडीवरून वाद कशाला? हे खरे की तिथे गाडीचे प्रमाण फुटाला ४ मिलिमीटर असते आणि रूळ मात्र साडेतीन मिलिमीटरच्या प्रमाणासाठी आखलेले १६.५ मिलिमीटरचे. ब्रिटिश इंजिने युरोपातल्या इंजिनांपेक्षा अंगाने लहान. त्या काळच्या मोटारी लहान प्रमाणात त्यांच्या आत मावेनात, म्हणून वरचे अंग वाढवले आणि रूळ तसेच राहिले. परिणामी रूळ ७ इंचांनी अरुंद. खरे माप १८.८३ मिलिमीटर भरते, आणि १९६०च्या दशकापासून तेवढ्याच रुंदीचे रूळ अंथरून काम करणारेही आहेत. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. रुळांची तडजोड उघड, सर्वांना ठाऊक आणि सगळ्या वाघिणींना सारखी आहे. तिने कोणाची दिशाभूल होत नाही. चुकीच्या साच्यावर छापलेले खरे नाव मात्र अमुक व्यापाऱ्याकडे अशी वाघीण होती असे खोटे विधान करते, आणि मूळ वाघीण उरली नसल्याने ते खोडून काढायला कोणी येत नाही. आपल्याकडच्या वाघिणी हौसेने बनवणाऱ्यांपुढेही हाच प्रश्न आहे. भारतीय ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर १:८७ प्रमाणात सुमारे १९.३ होतात, पण बाजारात सहज मिळतो तो १६.५चाच रूळ. तो पत्करूनही ‘बॉक्सएन’ वाघिणीचे अंग अचूक करता येते, आणि करावे.

दुसरा आक्षेप बाजाराच्या बाजूने येतो. स्थानिक मंडळे आणि दुकाने आपल्याच गावच्या जुन्या कोळसा-व्यापाऱ्याची वाघीण थोड्या संख्येने, त्या संख्येचे प्रमाणपत्र जोडून, काढून घेतात. त्यामागे कुणीतरी जुने छायाचित्र धुंडाळलेले असते, आणि अशा वाघिणींना भावही येतो. म्हणजे खरेपणाला किंमत मिळतेच ना? इथे दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत, एवढेच. तितक्याच कमी संख्येने निघालेली, कधीच अस्तित्वात नसलेल्या रंगसंगतीची वाघीणही तशाच प्रमाणपत्रासह विकली जाते, आणि प्रमाणपत्र संख्या सांगते, पुरावा नाही. याहून निर्णायक दाखला उलट दिशेचा आहे. एखाद्याने कारखान्यातून आलेली वाघीण घेतली, तिची चाके योग्य मापाची केली, ब्रेक दुरुस्त केले, आतल्या फळ्यांवर कोळशाची काजळी आणि बाहेर पावसाचे ओघळ उतरवले, तर ती मूळ वाघिणीच्या पुष्कळ जवळ जाते. विकायला काढली तर मात्र खोक्यातल्या कोऱ्या वाघिणीपेक्षा तिला सहसा कमी पैसे येतात. जास्त खरी केलेली वस्तू स्वस्त होत असेल, तर बाजार खरेपणा मोजत नाही हे मान्य करावे लागते. बाजार अस्पर्श राहिलेला कारखान्याचा माल मोजतो, आणि त्या मालासाठी ते मोजमाप योग्यच आहे.

म्हणून संग्रहाच्या वहीत दोन वेगळे रकाने हवेत असा माझा आग्रह आहे. एकात खोके, अवस्था, निघाल्याचे वर्ष, दिलेले पैसे. दुसऱ्यात ही वाघीण कोणत्या छायाचित्रावरून किंवा नोंदीवरून बनली, साचा तिच्या फळ्यांशी आणि धुऱ्यांशी जुळतो का, रंगाला लेखी आधार आहे की तो अंदाज आहे. ग्लॉस्टरच्या छायाचित्रांतल्या वाघिणी रुळावर दिसणे केव्हाच बंद झाले, आणि कोणत्या गावात कोणाचा कोळसा कोणत्या खाणीतून येत होता हे आज त्या फळ्यांवरच्या अक्षरांतूनच अनेकदा कळते. हा दुसरा रकाना कोरा असेल तर महागातली महाग वाघीणही त्याबद्दल साक्ष देऊ शकत नाही. तो भरलेला असेल तर स्वस्तातली, खोके हरवलेली, हाताने काजळी लावलेली वाघीणही ती साक्ष देते.