आवाजाचे पारखी

तबकड्यांच्या धंद्यात गायक शोधून काढणे हे सुरुवातीला कुणाचे स्वतंत्र काम नव्हते. ज्याच्या हाती यंत्र, त्यानेच आवाजही निवडायचा. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायस्बर्ग असाच माणूस. पियानो वाजवणारा, कानाचा तयार. 11 एप्रिल 1902 रोजी मिलानच्या एका हॉटेलात त्याने गायक एन्रिको कारुसोची दहा गाणी शंभर पौंडांत मुद्रित केली. त्याच वर्षअखेरीस तो कलकत्त्यात उतरला.

इथे तो कान अपुरा पडला. भाषा येत नव्हती, राग कळत नव्हते. कंपनीची स्थानिक माणसे नेतील त्या नाटकगृहात आणि मैफलीत जायचे, एवढेच हाती होते. 11 नोव्हेंबरला गायिका गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर आली. मायक्रोफोन रुळायला अजून वीसेक वर्षे होती. तोवर कर्ण्याजवळ तोंड नेऊन खड्या आवाजात गायचे आणि तासाभराचा राग तीन मिनिटांत आटपायचा. शेवटी स्वतःचे नावही पुकारायचे, कारण मेणाचे साचे हॅनोव्हरला जात आणि कोण गाते आहे हे तिथल्या कारागिरांना त्यावरूनच कळे. या अटींत बसेल तोच आवाज उरला. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ या गायकांची एकही तबकडी नाही. मराठी मुलखाचे हे नुकसान भरून येणारे नाही.

मराठीत या कामाला निराळे वळण लागले ते कवितेमुळे. रत्नागिरीजवळच्या मालगुंडात 1866 साली जन्मलेल्या केशवसुतांनी कवीच्या स्वतःच्या मनाला कवितेत जागा करून दिली. ते 1905 साली गेले. ही आत्मपर कविता गळ्यात आणि तिथून तबकडीवर यायला आणखी पाव शतक लागले. 1932च्या सुमारास गोविंद नारायण जोशी या वकिली शिकलेल्या तरुणाने मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘रानारानात गेली बाई शीळ’ ही कविता गायिली आणि ती तबकडी घरोघर पोचली. जी. एन. जोशी म्हणून ओळखला जाणारा हा गायक पुढे 1938 साली एचएमव्हीच्या, म्हणजे त्याच ग्रामोफोन कंपनीच्या, मुंबई कचेरीत रुजू झाला. पारखणारा आता स्वतः गाणारा होता: शब्द कुणाचे, चाल कशी, गळा कोणता, हे तिन्ही त्याला एकत्र दिसत. साठीच्या दशकात शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा या वादकांना एकत्र आणणारी ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी जोशींच्याच देखरेखीखाली निघाली.

या कामाच्या आठवणी जोशींनी ‘स्वरगंगेच्या तीरी’ या पुस्तकात लिहून ठेवल्या आहेत. जुनी तबकडी हाताशी असेल, तर त्या पुस्तकासोबत ती जरूर ऐकावी.